काका, यात निकोटीन नाहीये!

प्रति,
कॉलेज रोड, गंगापूर रोड आणि आसपासच्या होस्टेलांत, पीजींत, चौघांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटांत राहणारी मुलंमुली,
नाशिक.

विषय : 'झिरोवर (म्हणजे बिननिकोटीनच्या व्हेपवर) आलो, म्हणजे सुटलो' या समजुतीबाबत.

मंडळी,

परीक्षेच्या दिवसांत रात्री साडेदहाला, शटर अर्धं खाली आलेलं असताना, "काका, एकच मिनिट" म्हणत वाकून आत येणारे तुम्ही, आणि कपाळाला आठी घालून तरीही औषध काढून देणारा मी. आपली ओळख एवढी पुरे. डी.फार्म. होऊन सत्तावीस वर्षं झाली, त्यातली बावीस याच काउंटरमागे गेली.

गेल्या पावसाळ्यात तुमच्यातलाच एक जण महिनाभरात तिसऱ्यांदा खोकल्याचं औषध मागायला आला. तिसऱ्या खेपेला मी बाटली काढलीच नाही. विचारलं, "सिगारेट किती?" पोरगा खुलला. "सोडली काका, जानेवारीतच सोडली! मग व्हेप घेतलं, पाच टक्केवालं. मग दोन टक्के. आता झिरो. यात निकोटीन नाहीये, त्यामुळे सवय लागायचा प्रश्नच मिटला." आणि त्याने खिशातली व्हेपची नळी, म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ ओढायची बॅटरीवरची ई-सिगारेट, काढून काउंटरवर ठेवली. मार्कर पेनाएवढी, पोपटी रंगाची, आंब्याच्या वासाची.

त्याचा अभिमान खोटा नव्हता. पाच टक्के म्हणजे एका मिलीलिटरला साधारण ५० मिलिग्रॅम निकोटीन. युरोपात कायद्याने २० च्या वर जाता येत नाही. तिथून शून्यापर्यंत उतरायचं म्हणजे किती रात्री तळमळत काढाव्या लागतात, ते मला ठाऊक आहे. मी स्वतः अकरा वर्षं ओढली. डी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला लागलेली सिगारेट, औषधांचं दुकान टाकल्यावरही दुकानामागच्या बोळात जाऊन ओढत होतो. गिऱ्हाइकाला दम्याचा पंप देऊन मागे जायचं आणि काडी पेटवायची. म्हणून हे पत्र रागावण्यासाठी नाही. तुमचा इरादा चांगला आहे, हिशेब तेवढा उलटा झालाय असं मला वाटतं.

मेडिकलवाल्याची खोड म्हणून मी ती नळी उलटीपालटी करून वाचली. पॅरासिटामॉलच्या साध्या पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता असतो, परवाना क्रमांक असतो, बॅच असते, तारखा असतात. गोळीत काही गडबड निघाली तर त्या बॅचवरून अन्न व औषध प्रशासनाचा माणूस कारखान्याच्या दारात जाऊन उभा राहू शकतो. या नळीवर होतं एक आंब्याचं चित्र आणि एक शून्य. ते शून्य मोजलं कोणी? कुठल्या प्रयोगशाळेत? काही पत्ता नाही, आणि आपल्याकडे तो असूही शकत नाही, कारण हा मालच बेकायदा आहे.

इथे तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. तुम्हाला वाटतं बंदी निकोटीनवाल्या व्हेपवर आहे, झिरो चालतं. नाही चालत. २०१९ च्या ई-सिगारेटबंदी कायद्यात व्याख्याच अशी केली आहे की पदार्थ तापवून ओढायची वाफ करणारं कुठलंही विजेचं उपकरण त्यात येतं, मग त्यात निकोटीन असो वा नसो. बनवणं, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं ओढणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. पण तुम्ही मित्रासाठी दोन जास्तीच्या मागवल्यात आणि पैसे घेऊन दिल्यात, की तुम्ही ओढणारे उरला नाहीत, विकणारे झालात. हे इंस्टाग्रामवरचा तो 'डीलर दादा' तुम्हाला सांगणार नाही.

या कायद्याबद्दल माझंही एक गाऱ्हाणं आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि सुटी सिगारेट विकायला २०२० पासून. तरी माझ्या दुकानापासून पन्नास पावलांवर टपरी आहे, तिथे लायटर सुतळीने बांधून लटकवलेला आहे, तो काही पाकीट घेणाऱ्यांसाठी नाही. बंदी आली की वस्तू जात नाही, तिचं बिल जातं. बिलाबरोबर बॅच जाते, तपासणी जाते. राहतं ते चित्र आणि शून्य.

बरं, जिथे तपासणी होते तिथे काय निघालं? ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या आरोग्य खात्याने 'निकोटीन नाही' म्हणून विकल्या जाणाऱ्या नळ्या प्रयोगशाळेत घातल्या, तेव्हा त्यातल्या कित्येकांत निकोटीन निघालं. पुढे त्या देशाने नियमच केला की १ जुलै २०२४ पासून व्हेप, निकोटीन असलेलं असो की नसलेलं, फक्त औषधांच्या दुकानातच मिळेल. तिकडच्या माझ्या व्यवसायबंधूंच्या गळ्यात ही नवी घंटा. अमेरिकेत आणखी हुशार मंडळी निघाली. निकोटीनच्या रेणूला एक शेपूट जोडून ६-मिथाइल निकोटीन नावाचं त्याचं भावंड त्यांनी नळीत भरलं. मेंदूतल्या ज्या कुलपाला निकोटीनची किल्ली लागते त्यालाच हीही लागते, पण कायद्यातल्या 'निकोटीन' या शब्दात ती बसत नाही. म्हणजे पाकिटावर 'निकोटीन नाही' लिहिलं तर अक्षरशः खोटं नाही, आणि खरं तर मुळीच नाही.

तुमच्या झिरोने खरंच काही होत नाही, असं वाटत असेल तर एक साधा प्रयोग करा. चार दिवस ती नळी बंद ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं दुखलं, चिडचिड झाली, झोप उडाली, पुस्तकाचं एक पान चारदा वाचावं लागलं, तर तुमच्या शून्यात काय होतं ते तुमच्या शरीराने मोजून दिलं असं समजा. निकोटीन सुटल्याची तडफड पहिल्या तीन दिवसांत शिगेला असते, मग तीन-चार आठवड्यांत ओसरत जाते.

समजा, शून्य खरोखरच शून्य आहे. मग नळीत उरतं काय? प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि गोडवा. "हे तर तुमच्या सिरपमध्येपण असतं काका," असं मला त्या पोराने ऐकवलं. वाचून आला होता. असतं, नाकारत नाही. पण सिरप पोटात जातं. घरी आई फोडणी देते, ते तेल आपण आयुष्यभर खातो, काही होत नाही. तेच तेल कढईत जळलं की सगळं घर ठसका लागून खोकत गॅलरीत पळतं. त्या ठसक्यामागे अॅक्रोलीन नावाचा एक वायू असतो, आणि ग्लिसरीन जास्त तापलं की तोच तयार होतो. पोटाला यकृत आहे, आम्ल आहे, नको ते बाहेर फेकायची सोय आहे. फुप्फुसाचा पडदा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, त्याच्यापुढे जे येईल ते तो आत घेतो. खायला चालतं ते हुंगायला चालतं, असं औषधशास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही.

याची दोन उदाहरणं माझ्याच कपाटातली वाटावीत अशी आहेत. पहिलं लोण्याच्या वासाचं. डायअसिटिल, खायला निर्धोक. २००० साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातले कामगार धापा टाकत डॉक्टरांकडे जात असल्याचं उघडकीला आलं. दिवसभर त्या लोण्याच्या फ्लेवरची वाफ हुंगून त्यांच्या श्वासनलिकांची बारीक टोकं व्रण पडून बुजत चालली होती. हेच रसायन पुढे व्हेपच्या अनेक गोड फ्लेवरांमध्येही सापडलं. व्हेपमुळे नेमका तोच आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही, आणि सिगारेटच्या धुरातही डायअसिटिल असतंच, तेव्हा मी तुम्हाला बागुलबुवा दाखवत नाही. सांगायचं एवढंच की 'फूड ग्रेड' हा शब्द तोंडापुरता आहे.

दुसरं उदाहरण व्हिटॅमिन ई. त्या हिरव्या कॅप्सूल तुमच्यातल्या कितीतरी मुली चेहऱ्याला लावायला नेतात. त्वचेवर काही नाही, पोटात काही नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत चोरट्या मार्गाने विकल्या जाणाऱ्या गांजाच्या अर्काच्या नळ्यांमध्ये विक्रेत्यांनी दाटपणा यावा म्हणून त्याचाच एक प्रकार, व्हिटॅमिन ई अॅसिटेट, मिसळला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण इस्पितळात दाखल झाले आणि ६८ जण गेले. आजारी पडलेल्यांतली बरीच तुमच्याच वयाची. तुमच्या नळीत तसं काही आहे असं मी म्हणत नाही. तिच्यात काय आहे हे मलाही माहीत नाही, तुम्हालाही नाही आणि विकणाऱ्यालाही नाही, एवढंच म्हणतो.

सिगारेटीशी तुलना केलीत तर नळीचं पारडं हलकं आहे, हेही कबूल. काही जळत नाही म्हणून डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. जो रोज वीस ओढत होता त्याचं नुकसान कमीच झालं असणार. पण तुम्ही मला हे सांगायला आला नव्हता. तुम्ही सांगत होता की सवय सुटली.

सवयीचं म्हणाल तर मला माझी आजी आठवते, निफाडची. सकाळी चुलीवर भाकरीच्या आधी तव्यावर तंबाखू भाजायची. काळीभोर झाली की हाताने चुरायची, वस्त्रगाळ करायची, पितळी डबीत भरायची. मशेरी. त्या वासाने आम्ही नातवंडं नाक दाबून अंगणात पळायचो. दिवसातून चारदा बोटाने दातांना लावायची. कोणी व्यसन म्हटलं की तिला राग यायचा. "मला कसलं व्यसन? पान नाही, विडी नाही. दात घासते मी." डबी रिकामी झाली आणि बाजार दोन दिवसांवर असला की घरात कोणी तिच्या वाटेला जात नसे. ज्याचं नाव 'दात घासणं' ठेवलं, त्याला व्यसन म्हणायची सोयच उरली नाही. महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे तसे थोडे, २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत शंभरात चारसुद्धा भरले नाहीत. पण तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात घेणारे शंभरात सव्वीस-सत्तावीस. नावं वेगवेगळी ठेवलेली. तुमच्या 'झिरो'चा उच्चार मला आजीच्या 'दात घासते'सारखा ऐकू येतो.

तिच्या डबीत निकोटीन होतं, तुमच्या नळीत नसेलही. पण निकोटीन गेल्यावरही मागे काय उरतं ते मला स्वतःवरून सांगता येईल. सिगारेट सोडून सोळा वर्षं होऊन गेली. आजही दुपारचं जेवण झालं की उजवा हात शर्टाच्या खिशाकडे जातो. खिशात बडीशेपेची डबी असते म्हणून तो रिकामा परत येत नाही. चहा आला की, फोनवर कोणाशी वाजलं की, पाऊस सुरू झाला की. मेंदूने हे सगळे प्रसंग एका धाग्यात ओवलेले असतात: प्रसंग, हात, ओठ, घशाला तो खरखरीत चटका, सैल झालेला श्वास. निकोटीन नसलेल्या सिगारेटीनेही ओढणाऱ्याची तलफ तात्पुरती कमी होते, हे संशोधकांनी पाहिलेलं आहे, ते याच धाग्यामुळे. तुमची झिरो नळी तो धागा रोज पन्नास वेळा घट्ट करते. मग एखाद्या लग्नात, सबमिशनच्या रात्री कोणी खरी पुढे केली की हाताला नवीन काही शिकावं लागत नाही.

आणखी एक गंमत. पाचावरून दोनवर येताना तो पोरगा नळी जास्त वेळा तोंडाला लावत होता, झुरके लांब ओढत होता. हे त्यानेच कबूल केलं. निकोटीन कमी केलं की शरीर वाफ वाढवून भरपाई करतं, हे मोजून पाहिलेलं आहे. म्हणजे विष कमी करायला गेलात आणि तापलेल्या ग्लिसरीनचा खुराक वाढवलात. माझी तीन सिरपच्या बाटल्यांची विक्री त्यातूनच झाली असावी.

आता तो हिशेब, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. तुम्ही निकोटीन सोडलंत आणि नळी ठेवलीत. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे: नळी आधी टाका आणि निकोटीन थोडे दिवस ठेवा. दचकू नका. सिगारेट सोडवायला काय उपयोगी पडतं याचे जगभरातले प्रयोग एकत्र मांडून पाहिले, तेव्हा निकोटीनवाल्या व्हेपने बिननिकोटीनच्या व्हेपपेक्षा जास्त लोकांची सुटली असं दिसलं. म्हणजे सोडवण्याचं काम करत होतं ते निकोटीन. नुसत्या वाफेचा हात त्यात आखूडच. मग तेच निकोटीन वाफेशिवाय, तपासलेल्या मात्रेत मिळत असताना फुप्फुसाला कशाला मध्ये घ्यायचं?

ते माझ्या काउंटरवर डाव्या हाताच्या बरणीशेजारी ठेवलेलं असतं. २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम, चिठ्ठीशिवाय मिळतो. त्यावर बॅच आहे, मुदत आहे, मात्रा आहे. झुरक्यातलं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत धडकतं, ती धडकच व्यसन लावते. गमातलं गालाच्या आतल्या कातडीतून अर्ध्या तासात हळूहळू पाझरतं. तलफ बसते, धडक बसत नाही.

पण तुम्ही तो घेता कसा, ते मी पाहिलेलं आहे! दुकानाच्या पायरीवरच फोडायचा आणि बबलगमसारखा कचाकचा चावायचा. मग पाच मिनिटांत उचक्या, मळमळ, पोटात आग, आणि दुसऱ्या दिवशी तक्रार की "काका, हे काही झेपत नाही." अहो, तो चघळायचा नसतो, मुरवायचा असतो. सावकाश चार-सहा वेळा चावा. जिभेला झणझणलं की थांबा आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. झणझणी गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा, मग पुन्हा ठेवा, पण जागा बदलून. एक गम अर्धा तास चालला पाहिजे. (हो, तुमचे आजोबा तंबाखूचा बार ठेवायचे ती हीच जागा. कातडी तीच, पण यात तंबाखू नाही आणि तिच्यातली कॅन्सर करणारी रसायनंही नाहीत.) घ्यायच्या पंधरा मिनिटं आधी आणि तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी किंवा कोल्ड्रिंक नको, आम्ल तोंडात असलं की निकोटीन आत शिरत नाही. चहाबरोबर गम घेणाऱ्याचे पैसे वाया जातात, आणि नाशकात चहाशिवाय पंधरा मिनिटं काढणं हा खरा निग्रह.

सुरुवातीला तासा-दोन तासांनी एक, मग दर आठवड्याला थोडे कमी करत दोन-तीन महिन्यांत बंद. माझे तीन महिन्यांचे चौदा झाले, तेही लिहून टाकतो. म्हणून काउंटरवर मी कोणाला हसत नाही. अठराच्या आतल्यांनी, गरोदर बाईने, हृदयाचा त्रास असलेल्याने मात्र माझ्याकडे न येता आधी डॉक्टरकडे जायचं. आणि समोरासमोर बोलायची लाज वाटत असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे. नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, तुम्ही तो हजार वेळा अंगठ्याखाली झाकला असेल.

आता तुमच्यातल्या दुसऱ्या गटाला दोन ओळी. ज्यांनी आयुष्यात सिगारेट ओढली नाही आणि थेट झिरोने सुरुवात केली, 'नुसता फ्लेवर' म्हणून, रीलमध्ये धुराचं वलय बरं दिसतं म्हणून. तुम्हाला सोडायचं काहीच नव्हतं. तुमच्यासाठी माझ्याकडे गम नाही, सल्लाही नाही. आंबा खायचा असेल तर एप्रिलमध्ये पंचवटीच्या बाजारात जा.

तो पोरगा पुढे आला का, असं विचाराल. आला. झिरो नळी चार दिवस बंद ठेवून आला, डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन. काय निघालं ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गमाची पट्टी घेतली, वर नळी पुढे करून म्हणाला, "ही तुमच्याकडे ठेवा काका, माझ्याकडे राहिली तर ओढेन."

सबब सर्वांना कळवतो. आपली नळी माझ्या दुकानात ठेवायला आणू नये. कायद्यात या मालाच्या साठवणुकीलाही सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. एक नळी म्हणजे साठा होतो की नाही ते वकील ठरवतील, मला तो प्रयोग माझ्या परवान्यावर करायचा नाही. घंटागाडीतही टाकू नये. आत लिथियमची बॅटरी असते, दाबली गेली की पेट घेते, आणि तो कचरा हाताने निवडणारी माणसं आहेत. जुने मोबाइल, चार्जर जिथे ई-कचरा म्हणून घेतात तिथे द्यावी.

दुकान सकाळी साडेनऊ ते दुपारी दोन, मग साडेचार ते साडेदहा. परीक्षेच्या दिवसांत शटर अर्धं असलं तरी वाकून यावं.

आपला,
कॉलेज रोडवरचा मेडिकलवाला काका